धुराची गोधडी: हवेवरच्या विद्यार्थी-स्पर्धेसाठी मोजूनमापून केलेला प्रकल्प

७ सप्टेंबरचा स्वच्छ हवेचा आंतरराष्ट्रीय दिवस जवळ आला, किंवा तालुका विज्ञान प्रदर्शनाचं पत्रक शाळेत येऊन पडलं, की थर्माकोलचे कारखाने उभे राहायला लागतात. चिमणीत कापसाचा धूर, शेजारी हिरवी झाडं, मध्ये पाण्यातून बुडबुडे सोडणारी बाटली आणि वर ‘प्रदूषण हटवा’. परीक्षक येतात आणि एकच शब्द विचारतात: ‘किती?’ हवा किती खराब होती, तुमच्या यंत्राने ती किती सुधारली, किती वेळात? तिथे बहुतेक प्रकल्प गप्प होतात.

इथे दिलेला प्रकल्प या ‘किती’भोवतीच बांधलेला आहे. प्रश्न छोटा आहे: एका बंद खोलीत उदबत्तीचा धूर झाला, तर तो निम्मा व्हायला किती मिनिटं लागतात, आणि खिडकी, दार किंवा गाळणी लावलेला पंखा ती मिनिटं किती कमी करतो? उत्तर कापडाच्या गोधडीवर मांडायचं. त्यामुळे विज्ञान प्रदर्शनात तो चालतो आणि कलात्मक प्रकल्प मागणाऱ्या स्पर्धेतही चालतो. आठवी ते दहावीच्या दोन-तीन विद्यार्थ्यांना साधारण सात आठवडे लागतील: दोन जोडणी आणि तपासणीला, दोन मोजमापाला, तीन शिवणकाम आणि मांडणीला.

शाळेच्या फाटकावर का मोजायचं नाही?

‘शाळा सुटताना फाटकावरच्या गाड्यांचं प्रदूषण मोजू’ ही सगळ्यांच्या डोक्यात पहिली येणारी कल्पना. ती वाईट नाही, पण स्वस्त सेन्सरने ती बहुतेक वेळा फसते आणि मुलं खचतात. हे सेन्सर लेझरच्या उजेडात कणांवरून विखुरलेला प्रकाश मोजतात आणि साधारण ०.३ मायक्रोमीटरपेक्षा (मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लहान कण त्यांना दिसत नाहीत. गाडीच्या धुरातले बरेचसे कण त्याहून बारीक असतात. उलट बाजूला, रस्त्यावरून उडणारी जाड धूळ आत ओढून नीट मोजणंही त्यांना जमत नाही. म्हणजे फाटकावर पन्नास दुचाकी उभ्या असूनही आकडा जेमतेम हलतो.

उदबत्ती, चूल, जळता पालापाचोळा यांच्या धुराचे कण मात्र या सेन्सरला चांगले दिसतात. ज्याला धूर दिसतो आणि धूळ नीट दिसत नाही, अशा उपकरणाला धुराचाच प्रश्न विचारावा.

सामान

- कण मोजणारा लेझर सेन्सर, एसडीएस०११. पीएम २.५ आणि पीएम १० (२.५ आणि १० मायक्रोमीटरपर्यंतचे हवेतले कण) दोन्ही देतो. आत स्वतःचा छोटा पंखा असतो.
- ईएसपी३२ बोर्ड (सेन्सरचे आकडे वाचून लॅपटॉपला देणारा छोटा संगणक) आणि डेटा जाणारी यूएसबी केबल. फक्त चार्जिंगची केबल लावून तासभर डोकं धरून बसणारे पुष्कळ असतात.
- आर्द्रता आणि तापमानासाठी डीएचटी२२.
- लॅपटॉप, घड्याळ, रेघांची वही.
- एकाच पुड्यातल्या उदबत्त्या, स्टीलची ताटली, वाळूची वाटी.
- गाळणी-पंख्यासाठी: हवा शुद्ध करणाऱ्या यंत्राची बदली म्हणून मिळणारी चपटी हेपा गाळणी (अगदी बारीक कणही अडवणारी), कॉम्प्युटरचे १२० मिमीचे चार १२ व्होल्ट पंखे, १२ व्होल्ट २ अँपिअरचा अडॅप्टर, जाड पुठ्ठा, रुंद चिकटपट्टी.
- गोधडीसाठी जुनी सुती कापडं.

गाळणी सोडून बाकी सगळं तीन-चार हजारांत बसतं. इन्स्पायर-मानक या केंद्र सरकारच्या शालेय विज्ञान पुरस्कार योजनेत कल्पना निवडली गेली तर विद्यार्थ्याच्या खात्यात १०,००० रुपये जमा होतात, त्यात गाळणीसकट सगळं येतं.

जोडणी

सेन्सरच्या पाटीवर पायांची नावं छापलेली असतात. वायरच्या रंगावर विसंबू नका, छापलेली नावं वाचा. सेन्सरचा ५ व्होल्ट पाय ईएसपी३२च्या ५ व्होल्टला (काही बोर्डांवर ‘व्हीआयएन’), ग्राउंड ग्राउंडला, सेन्सरचा ‘टीएक्स’ (संदेश पाठवणारा पाय) बोर्डाच्या जीपीआयओ १६ला, म्हणजे १६ क्रमांकाच्या पायाला, आणि ‘आरएक्स’ (संदेश घेणारा) जीपीआयओ १७ला. बोलणाऱ्याचं तोंड ऐकणाऱ्याच्या कानाला लावायचं: टीएक्स टीएक्सला जोडला तर काहीच ऐकू येणार नाही. सेन्सर ५ व्होल्टवर चालतो, पण त्याचे संदेश ३.३ व्होल्टचे असतात, म्हणून ईएसपी३२ला तो थेट जोडता येतो. डीएचटी२२ ३.३ व्होल्टवर चालवा, डेटा जीपीआयओ ४ला. चार पायांचा सुटा सेन्सर असेल तर डेटा आणि ३.३ व्होल्टमध्ये १० किलोओहमचा रोध (रेझिस्टर) लागतो. तीन पायांच्या छोट्या पाटीवर तो बहुधा आधीच असतो.

सेन्सर ९६०० बॉडने (हा संदेशाचा वेग, प्रोग्राममध्ये तोच लिहायचा) दर सेकंदाला १० बाइटचा संदेश पाठवतो. पहिला बाइट ‘एए’, दुसरा ‘सी०’, शेवटचा ‘एबी’ (हे १६च्या पायावर लिहिलेले आकडे). तिसरा आणि चौथा मिळून पीएम २.५: चौथ्याला २५६ने गुणा, तिसरा मिळवा, १०ने भागा. पाचवा-सहावा तसाच पीएम १०साठी. तिसऱ्यापासून आठव्यापर्यंतच्या बाइटची बेरीज केली की तिचा शेवटचा बाइट नवव्याशी जुळला पाहिजे. जुळला नाही तर तो संदेश टाकून द्या. तयार लायब्ररी (दुसऱ्याने आधीच लिहून ठेवलेला प्रोग्राम) वापरली तरी हे गणित एकदा हाताने करून वहीत लिहा, कारण ‘हा आकडा येतो कुठून?’ असा प्रश्न हमखास येतो.

प्रोग्रामने दर मिनिटाला साठ वाचनांची सरासरी, आर्द्रता आणि तापमान एवढं एका ओळीत लॅपटॉपवर छापावं. इथला सगळ्यात नेहमीचा अपघात इलेक्ट्रॉनिक्सचा नसतो. लॅपटॉप वीस मिनिटांनी झोपी जातो आणि नोंद थांबते. झोपेचं सेटिंग बंद करा आणि चार्जर लावून ठेवा.

सेन्सर पेटीत कोंबू नका. घरातल्या मोजमापाला पेटी लागतच नाही. बंद डब्यात बाहेर टाकलेली हवा पुन्हा आत ओढली जाते, आणि ईएसपी३२च्या उष्णतेने डीएचटी२२ आर्द्रता खोटी कमी दाखवतो. हवा ओढणाऱ्या नळीला लांब पाइपही जोडू नका, कण त्यातच बसतात.

सेन्सरवर विश्वास किती ठेवायचा?

उत्पादक स्वतःच ±१५ टक्के किंवा ±१० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर, यातलं जे मोठं असेल तेवढी चूक कबूल करतो. म्हणून ‘आमच्या घरात पीएम २.५ बरोबर ४३.७ होतं’ असं लिहू नका. या प्रकल्पाची गंमत अशी की आपल्याला खरा आकडा लागतच नाही. सेन्सर सगळंच सव्वापट दाखवत असेल, तर ४००चं ५०० होईल आणि २००चं २५०, पण निम्मं व्हायला लागलेली मिनिटं तीच राहतील.

तरी दोन तपासण्या कराच. सेन्सर चालू केल्यावर पहिलं अर्धं मिनिट सोडून द्या. मग गच्चीत किंवा खिडकीत तो २४ तास चालवून सरासरी काढा आणि जवळच्या सरकारी केंद्राच्या त्याच २४ तासांच्या आकड्याशी ताडून बघा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर शहरांतल्या केंद्रांचे मायक्रोग्रॅममधले आकडे मिळतात. मंडळाच्या ‘समीर’ ॲपवर दिसतो तो निर्देशांक, त्याच्याशी सेन्सरचा आकडा थेट ताडू नका. दोन्ही साधारण जवळपास असतील तर पुरे. सेन्सरचा आकडा केंद्राच्या तिप्पट दिसत असेल तर आधी आर्द्रता बघा: हवेत ओल जास्त असली की कण पाणी धरून फुगतात आणि लेझरला मोठे दिसतात. एसडीएस०११ची मर्यादाच ७० टक्के आर्द्रतेची आहे. त्यामुळे कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात हा प्रकल्प करू नका. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम, पण धुक्याची पहाट टाळून दुपारी मोजा.

प्रयोगाची खोली

दहा बाय दहाची, एक खिडकी आणि एक दार असलेली खोली घ्या. लांबी, रुंदी, उंची टेपने मोजा. ३ × ३ × ३ मीटर असेल तर घनफळ २७ घनमीटर. आधी तासभर घरात फोडणी, झाडलोट, देवपूजा काही नको. शेजारच्या फोडणीचं काही करता येत नाही, पण ती आली तर वेळ वहीत लिहा.

सेन्सर जमिनीपासून एक मीटरवर ठेवा, म्हणजे बसलेल्या मुलाच्या नाकाच्या उंचीला. उदबत्तीपासून दोन मीटर दूर, पंख्याच्या थेट झोतात नाही. छताचा पंखा सगळ्या प्रयोगांत सारखाच, एकवर. धूर नीट मिसळला नाही तर सेन्सरजवळून जाणारी धुराची दोरी मोजली जाते, खोली नाही. मग आलेख करवतीसारखा दिसतो.

घरात दम्याचं कोणी असेल तर दुसरं घर शोधा. धूर होत असताना खोलीत कोणी बसायचं नाही. उदबत्ती लावायला आणि विझवायला मोठं माणूस हवं.

एक फेरी

१. दार-खिडकी बंद करून दहा मिनिटं नोंद घ्या. या दहा मिनिटांची सरासरी म्हणजे ‘मूळ पातळी’.

२. उदबत्तीवर पेन्सिलने ५ सेंटिमीटरची खूण करा, ताटलीत उभी करून पेटवा आणि बाहेर या. खुणेपर्यंत जळली की वाळूत विझवा. आकडा साधारण ३०० ते ६०० या टप्प्यात आला पाहिजे. सेन्सर ९९९.९च्या पुढे मोजत नाही, त्यामुळे आलेखाचा माथा इस्त्री केल्यासारखा सपाट दिसला तर उदबत्ती जास्त झाली. पहिल्या दिवशी एक रंगीत तालीम करून लांबी ठरवा.

३. विझवल्यावर तीन मिनिटं थांबा, धूर मिसळू द्या. मग घड्याळ शून्यावर.

४. शून्याला त्या फेरीची अट लागू करा आणि ६० मिनिटं नोंद घ्या.

अटी चार. अ: सगळं बंद. आ: खिडकी वीतभर उघडी. इ: खिडकी आणि दार दोन्ही उघडी, आरपार वारा. ई: सगळं बंद, गाळणी-पंखा चालू. प्रत्येक अटीच्या तीन फेऱ्या, म्हणजे एकूण बारा. दिवसाला दोनच करा, मध्ये खोली मोकळी होऊ द्या. आणि अ-अ-अ, आ-आ-आ असं सलग करू नका. चिठ्ठ्या टाकून क्रम ठरवा, नाहीतर ‘अ’च्या दिवशी हवा पडलेली आणि ‘आ’च्या दिवशी वारा, असं होऊन सगळं श्रेय खिडकीला जाईल.

गाळणी-पंखा

पाण्यातून हवेचे बुडबुडे सोडणारी बाटली विसरा. बुडबुड्याच्या पोटातले बारीक कण पाण्याला शिवायच्या आत वर येऊन पुन्हा हवेत जातात. कुंड्यांचंही तसंच: १९८९च्या नासाच्या गाजलेल्या प्रयोगात झाडं बंद, हवाबंद पेटीत होती, खोलीत नाही, आणि तिथे वायू मोजले होते, धूर नाही.

पुठ्ठ्याचं खोकं गाळणीच्या मापाचं करा, १० ते १२ सेंटिमीटर खोल. एका तोंडाला गाळणी, समोरच्या बाजूला चार पंखे. खोकं उथळ झालं तर पंख्यासमोरचा तेवढाच भाग हवा ओढतो आणि बाकीची गाळणी नुसती शोभेला राहते. पंखे हवा बाहेर फेकतील असे बसवा: कॉम्प्युटरच्या पंख्याची हवा बहुधा स्टिकर आणि दांड्या असलेल्या बाजूने बाहेर पडते. गाळणीवर बाण असेल तर तो पंख्याकडे. चारही पंख्यांची वायर समांतर जोडा.

नंतर सगळ्या कडा चिकटपट्टीने बंद करा आणि टिश्यू पेपरची पट्टी कडेकडेने फिरवा. जिथे ती आत ओढली जाते तिथे फट आहे. करंगळीएवढ्या फटीतून येणारी हवा गाळणीला बगल देते, आणि ‘एवढी महाग गाळणी लावूनही फरक पडत नाही’ या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. २३० व्होल्टचा एक्झॉस्ट फॅन वापरायचा मोह टाळा. शाळकरी हातांना १२ व्होल्टच बरे.

गणित

समजण्यासाठी आकडे घेऊ. मूळ पातळी ३५, शून्याला वाचन ४३५. म्हणजे जास्तीचा धूर ४००. तो २०० व्हायला, म्हणजे वाचन २३५वर यायला, किती मिनिटं लागली ते वहीतून शोधा. मूळ पातळी वजा करायला विसरणं ही या प्रकल्पातली सगळ्यात महागडी चूक आहे. ४३५चं निम्मं २१७.५ धरून बसलात तर प्रत्येक फेरीत मिनिटं खऱ्यापेक्षा जास्त येतील, आणि किती जास्त ते दर फेरीला वेगळं असेल.

समजा ‘अ’ मध्ये ४० मिनिटं लागली. ४१.६ला ४०ने भागा: १.०४. याचा अर्थ धूर तासाला जवळपास एका खोलीभर नव्या हवेने धुतला गेल्यासारखा कमी होतोय. (४१.६ म्हणजे ६० गुणिले ०.६९३, आणि ०.६९३ हा २चा नैसर्गिक लॉगरिदम. नववीच्या मुलाने एवढं सांगितलं तरी पुष्कळ.) ‘आ’ मध्ये ८ मिनिटं लागली तर ५.२. ‘ई’ मध्ये १० मिनिटं लागली तर ४.१६, आणि त्यातून बंद खोलीचे १.०४ वजा केले की गाळणीचा स्वतःचा वाटा ३.१२. गुणिले २७ घनमीटर, म्हणजे तासाला सुमारे ८४ घनमीटर स्वच्छ हवा. दुकानातल्या यंत्रांच्या खोक्यावर ‘सीएडीआर’ म्हणून छापतात तो हाच आकडा. आपल्या पुठ्ठ्याच्या खोक्याची आणि दुकानातल्या यंत्राची तुलना आता एका मापात करता येते.

एक तपासणी परीक्षकांना फार आवडते: ४००चे २०० व्हायला जेवढा वेळ लागला, २००चे १०० व्हायलाही तेवढाच लागतो का? पुष्कळ जास्त लागत असेल तर मूळ पातळी कमी धरली गेली आहे, किंवा बाहेरून धूर येतोय. पुष्कळ कमी लागत असेल तर सुरुवातीला धूर मिसळला नव्हता, किंवा मध्येच कोणीतरी दार उघडलं. खिडकी उघडी असलेल्या फेरीत वाचन बाहेरच्या हवेच्या पातळीपर्यंतच उतरतं, त्याखाली नाही. बाहेर कोणी कचरा पेटवला असेल तर उलट चढतं. तशी फेरी टाकून देऊ नका, तिचा उपयोग पुढे आहे.

गोधडी

बारा फेऱ्या म्हणजे बारा ओळी. प्रत्येक ओळीत बारा ठिगळं, एक ठिगळ म्हणजे पाच मिनिटांची सरासरी. एकूण १४४. प्रत्येक चौकोन ९ सेंटिमीटरचा कापा, शिवणीत चारी बाजूंनी १ सेंटिमीटर जातं, ७ उरतं. बारा साते ८४, म्हणजे ८४ सेंटिमीटरची चौरस गोधडी, दोन मुलांना हातात धरून दाखवता येईल एवढी. पोटात जुन्या साडीच्या दोन घड्या, पाठीला एक मीटर अस्तर. कापडं आधी धुऊन घ्या, नाहीतर लाल रंग पांढऱ्यावर उतरतो.

रंग ठरवताना सरकारी हवा निर्देशांकाचे हिरवा-पिवळा-लाल उचलू नका. त्या निर्देशांकात पीएम २.५ची २४ तासांची सरासरी धरतात; पाच मिनिटांच्या आकड्याला ‘गंभीर’ म्हणणं चूक आहे, आणि जाणकार परीक्षक तिथेच पकडतात. भारतातली २४ तासांची मर्यादा ६० मायक्रोग्रॅम, जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ची शिफारस १५. हे दोन आकडे फलकावर लिहा, पण ठिगळांना आपली वेगळी पट्टी द्या: ३० पर्यंत पांढरं धोतर, ६० पर्यंत हळदी, १२० पर्यंत केशरी, २५० पर्यंत विटकरी, ५०० पर्यंत जांभळं, त्यापुढे काळं. फिक्याकडून गडदाकडे चढण हवी. कापडं शेजारी मांडून मोबाइलने काळा-पांढरा फोटो काढा. त्यातही चढण दिसली तर रंगांधळ्या माणसालाही गोधडी वाचता येईल.

वरच्या उदाहरणातली ‘अ’ची ओळ अशी दिसेल: सात जांभळी, पाच विटकरी. ‘आ’ची: एक जांभळं, तीन विटकरी, दोन केशरी, आणि सातव्यापासून हळदी. शेजारी शेजारी या दोन ओळी आल्या की खिडकीबद्दल वेगळं बोलावं लागत नाही.

ठिगळांच्या मागे आधी पेन्सिलने फेरी आणि क्रमांक लिहा. १४४ सुटे चौकोन एकदा वाऱ्याने उडाले की पुन्हा लावता येत नाहीत. ओळी जोडून झाल्या की तिन्ही थर कच्च्या टाक्याने बांधा आणि मग कडेकडून आत धावदोरा घाला. कच्चा टाका वगळला तर मध्ये फुगा येतो. घरातल्या आजींना विचारा. काही घरांत याला वाकळ म्हणतात, पण धावदोरा तोच.

बिघडलेल्या फेऱ्याही शिवा. ज्या पाच मिनिटांत दार उघडलं गेलं किंवा बाहेर कचरा पेटला, त्या ठिगळावर लाल दोऱ्याने फुली घाला आणि वहीत त्याची वेळ आणि कारण लिहा.

मांडणी

प्रवेशपत्रातली संघाची संख्या, वयोगट आणि फलकाचं माप आधी वाचा. टेबलावर तीन गोष्टी पुरेत: मागे गोधडी, पुढे सेन्सर आणि लॅपटॉप, शेजारी उघडी वही. वही पुन्हा सुवाच्य अक्षरात उतरवून काढू नका. खाडाखोड असलेली मूळ वहीच ठेवा.

सभागृहात उदबत्ती लावू नका. आयोजक हरकत घेतात आणि एवढ्या मोठ्या जागेत त्यातून सिद्धही काही होत नाही. सेन्सर तिथली हवा दाखवत चालू राहू द्या आणि गाळणी-पंख्यातून हवा बाहेर पडते त्या बाजूला तो धरून आकडा कसा खाली येतो ते दाखवा. बोलणं दोन मिनिटांचं: प्रश्न, एक ओळ बोटाने दाखवून, मग निम्मं व्हायला लागलेल्या मिनिटांचे चार आकडे आणि प्रत्येकापुढे तीन फेऱ्यांतला सगळ्यात कमी-जास्त. ‘खिडकी उघडली की झालं ना, मग पंखा कशाला?’ असं विचारतील. उत्तर बाहेरच्या हवेवर अवलंबून आहे. लाल फुलीची ओळ त्यासाठीच शिवली होती, ती दाखवा. जादा यूएसबी केबल, सेन्सरची जादा वायर आणि चिकटपट्टी पिशवीत असू द्या, आणि गोधडीची घडी न घालता ती गुंडाळून न्या.